जांभूळवळणाचा वांधा

कुंदन पेढ्यांचा पुडा घेऊन दारात आला तेव्हा सरलाबाई नैवेद्याच्या रोटांचं पीठ मळत होत्या. घरात कानबाई देवी बसायच्या दिवशी बाजारातलं गोड घरात आणू नये, एवढी साधी गोष्ट पस्तिशीला आलेल्या पोराला कळू नये, म्हणून त्या करवादल्या, "बाहेर ठेव तो पुडा! अक्कल शे का नही तुले?"

"ठेवतो गं माय. पण आधी तात्यांचं तोंड गोड करू दे. तात्यांनी काम फत्ते केलं."

विळीवर गंगाफळ चिरणाऱ्या उज्ज्वलाचा हात थांबला. कुंदन इतका खूश झाला की काहीतरी बिनसलेलं असतं, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. तात्या आतल्या खोलीत चौरंगाला केळीचे खांब बांधत होते. ते बाहेर आले, त्यांच्या हातात सुतळी तशीच.

"कसलं काम रे?" तात्यांनी विचारलं.

"आता तुम्हीच विचारा! शुक्रवारी कचेरीत जवाब दिला ना तुम्ही? बिल्डर शेठचा माणूस आत्ता नाक्यावर भेटला. म्हणाला, तुझ्या बापानं पहिल्याच झटक्यात लिहून दिलं, जांभूळवळणावर बांधकाम करा, आमचा काही वांधा नाही."

सुरतेतल्या नवागामच्या त्या दोन खोल्यांत पाटलांच्या भाऊबंदांची अठरा माणसं कोंबलेली होती. बायका तव्यापाशी, पुरुष ओट्यावर, पोरं सगळीकडे. एवढ्या गलक्यात ते वाक्य विरून जायला हवं होतं. पण उज्ज्वलाला ते असं लख्ख ऐकू आलं की विळीचं पातं बोटात कधी शिरलं तेही तिला कळलं नाही.

"तात्या, तुम्ही काय सांगितलंत?" ती उठून उभी राहिली. "मी सांगितलं होतं ते सांगितलं ना?"

लोटू पाटील अडुसष्ट वर्षांचे. बापाच्या मागे अमळनेरहून सुरतेत आले तेव्हा मिसरूडही फुटलेलं नव्हतं. चाळीस वर्षं मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवले. आता नवागामपासून डिंडोलीपर्यंत कुणाचं भांडण असो की सोयरीक, लोक आधी तात्यांना विचारत. त्या माणसाचा चेहरा आता परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा झाला.

"मी... जे खरं तेच सांगं," ते म्हणाले.

*

जांभूळवळण हे नाव सुरतेच्या कुठल्याच कागदावर नव्हतं. ते खान्देशी लोकांनी पाडलेलं. शहराच्या वरच्या अंगाला तापी जिथे मोठं वळण घेते, तिथे काठावर अकरा जांभळीची झाडं, खाली उतरती जमीन आणि मग पाणी. पावसाळा ओसरला की चाळीस घरांची माणसं त्या ओल्या जमिनीत काकड्या, वांगी, टरबुजं लावायची. पाटलांचा तुकडा तात्यांच्या नावावर होता, बाकीचे एकोणचाळीस गाववाल्यांचे. श्रावणात कानबाई विसर्जनाला तिथेच जायची. आपल्या गावावरून वाहत आलेलं पाणी शेवटी इथे भेटतं, असं सरलाबाई दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी त्यांचे डोळे भरून येत.

उज्ज्वलाचं त्या वळणाशी आणखी एक नातं होतं. ती नगररचनेच्या कचेरीत ट्रेसर होती. साहेबलोक पेन्सिलीने आखत, ही ते ट्रेसिंगवर शाईने उतरवी आणि छापांवर रंग भरी. लग्न जमलं नाही, अडतिसावं लागलं, रंगांच्या बशा मात्र सुकल्या नाहीत. शहराचा नवा आराखडा झाला तेव्हा एका जुन्या इंजिनियरसाहेबांनी त्या वळणावर तीन पट्टे आखले होते. काठालगतचा पट्टा सगळा मोकळा, तिथे विटेवर वीट ठेवायची नाही. त्याच्या मागे शेती आणि बागा. त्याच्याही मागे फक्त बैठी घरं, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही मान वर न करता नदी दिसत राहील. "बेन, नदी जोवाई तो लोको एने साचवशे," ते म्हणायचे. नदी दिसली तरच लोक ती जपतील. साहेब निवृत्त झाले, पण तो हिरवा रंग उज्ज्वलाने स्वतःच्या हाताने भरला होता. चौऱ्याण्णवच्या पुरात पाणी त्याच हिरव्यावर पसरलं होतं आणि तिथून उतरून गेलं होतं.

आणि आता त्या आराखड्यात फेरफार निघाला होता. तिन्ही पट्टे पुसायचे, काठाला भिंत घालायची, सात मजली इमारती उठवायच्या. शेठच्या फलकावर नदीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, घरबसल्या तापीदर्शन. नदीचा देखावा विकायचा आणि तोच झाकून टाकायचा, हा धंदा उज्ज्वलाच्या डोक्यात तिडीक आणायचा.

कायद्याने ज्यांची वहिवाट आहे त्यांना विचारल्याशिवाय फेरफार मंजूर होत नव्हता. म्हणून तिने नोकरीवर पाणी सोडायच्या तयारीने, कचेरीत कुणाला कळू न देता, चाळीस घरांसाठी चाळीस अर्ज स्वतः गुजरातीत लिहिले. सुनावणीला कुणीतरी बरोबर जायला हवं होतं, आणि ती जाऊ शकत नव्हती. शुक्रवारी नागपंचमी होती. गुजरात्यांची नागपंचमी पंधरा दिवस उशिरा येते, त्यामुळे कचेरी उघडी. हिने मात्र सणाची रजा टाकलेली, शिवाय अर्जदारांबरोबर दिसली असती तर दुसऱ्या दिवशी घरीच बसावं लागलं असतं. म्हणून गुरुवारी ओट्यावर सगळ्यांना बसवून तिने पोपटासारखं पढवलं होतं. साहेब विचारतील, तुमची हरकत आहे का? तुम्ही सांगायचं, हो साहेब, आमची हरकत आहे.

*

"हरकत आहे असं सांगायचं होतं ना तात्या?" उज्ज्वलाच्या बोटातून रक्त टपकत होतं. तिच्या भावजयीने, सुषमाने, पदराची चिंधी फाडून तिच्या बोटाला गुंडाळली.

"त्यानी हरकतीचं नावच काढं नही उज्जू!" तात्या कळवळून म्हणाले. "मी वाट पाहत उभा. म्हटलं, आता विचारतील, आता विचारतील. साहेबाने कागद चाळले आणि म्हणाला, काका, आ जमीनमां तमारो कोई वांधो? आता मला सांग, जमिनीत वांधा आहे असं कोणता शहाणा म्हणेल? आपल्याकडे वांधा म्हणजे कज्जा. वांधा नाही म्हणजे सातबारा साफ, भाऊबंदकीची कटकट नाही. मी म्हटलं, वांधा नही साहेब, बिलकुल वांधा नही. त्याने हसून हात जोडले. कारकुनाने सही घेतली. मी हरकतीची वाट बघतच राहिलो आणि शिपाई म्हणाला, चालो काका, थई गयुं."

उज्ज्वलाला अर्ज आठवला. अर्जाच्या डोक्यावर तिनेच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, वांधा अरजी. गुजरातीत हरकतीला वांधो म्हणतात हे कचेरीत वीस वर्षं काढलेल्या बाईला माहीत नव्हतं का? पण घरात बोलताना तिच्या तोंडी शाळेतल्या पुस्तकातलं मराठी आलं, हरकत. चाळीस माणसांना तिने भलताच शब्द पढवला होता. चूक तात्यांची नव्हती, तिची होती, आणि ते कळल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आणि खरं सांगू का," तात्या हळू आवाजात पुढे म्हणाले, "शब्द कळला असता तरी जिभेवर तेच आलं असतं. मिलचा मुकादम, जॉबर, म्हणे डबल पाळी कर, मी म्हणे वांधा नही. घरमालक म्हणे महिन्यात खोली सोड, वांधा नही. बोट साच्यात गेलं, मॅनेजर म्हणे उद्या ये, वांधा नही. या गावात टिकायला दुसरं काय बोललो मी आजवर?"

तव्यावरचा रोट करपायला लागला तसा सुषमाने तो उतरवला.

"झालं ते चांगलंच झालं," कुंदन म्हणाला. "चुकून का होईना, तात्यांच्या तोंडून देवीच बोलली म्हणायचं. ताई, चिडू नको. दहा बाय बाराच्या भाड्याच्या खोलीत मी, सुषमा, चेतन आणि वर लूमचा खडखडाट. शेठ प्रत्येक वहिवाटदाराला रस्त्यावर एक गाळा देणार आहे. गाळा! तू रंगवलेला हिरवा पट्टा बघून चेतनची फी भरली जाते का?"

"लिहून दिलंय शेठने?"

"सगळं लिहून मागत बसलं तर या गावात धंदा होतो का?"

"तिथे भिंत घातली तर पाणी कुठे जाईल, कुंदन? नदीला पसरायला जागा लागते. जागा बुजवली तर ती या अंगाला येईल, आपल्या घरात."

"तुझ्या कचेरीतल्या गोष्टी कचेरीत ठेव."

ओट्यावरून रामदासकाका, तात्यांचे धाकटे भाऊ, आत आले. चौऱ्याण्णवच्या पुरात ते जांभळीच्या फांदीवर एक अख्खा दिवस अडकले होते, तेव्हापासून पाण्याचं नाव काढलं की त्यांचा आवाज बदले. "पोरगी बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "मी बघितलंय ते पाणी. भिंतीला ते काय ऐकणार आहे? दादा, हे फिरवायला पाहिजे."

उज्ज्वलाच्या जिवात जीव आला. "फिरवता येतं काका! उद्या दुपारी एक वाजेपर्यंत लेखी सुधारणा घेतात. नंतर फाईल गांधीनगरला जाते. शेठच्या माणसाने नाव घेतलं ते एकट्या तात्यांचं, म्हणजे बाकीच्या एकोणचाळीस जणांचे वांधे आहेतच, तात्यांचा तेवढा उलटा पडलाय. पण तात्या पुढारी, त्यांचं नाव सगळ्यात वर. तेवढं उद्या जाऊन दुरुस्त केलं की झालं."

"उद्या विसर्जन," सरलाबाई म्हणाल्या.

"सकाळी जाऊन येऊ माय. विसर्जन दुपारचं."

कुंदनने डाव बदलला. तो बापाशी नाही, काकाशी बोलला. "काका, तात्यांच्या नावावरची जमीन समाईक आहे हे विसरलात का? मी शेठशी बोललोय. तात्यांच्या नावाचे दोन गाळे मिळतात. एक आमचा, एक तुमच्या पोरांचा. आता तुम्ही बघा."

रामदासकाकांनी मिशीवरून हात फिरवला. मग छताकडे पाहिलं. मग पायाच्या अंगठ्याकडे. उज्ज्वला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि एक माणूस तिच्या बाजूने उठून पलीकडे जाऊन बसलेला तिने डोळ्यांदेखत पाहिला.

"तसं बघितलं तर," काका म्हणाले, "साहेबापुढे एकदा दिलेला शब्द फिरवणं बरं दिसत नाही. लोक काय म्हणतील? लोटू पाटील सकाळी एक बोलतो, संध्याकाळी दुसरं."

"पाणी बघितलंय म्हणालात ना काका?" उज्ज्वला ओरडली.

"बघितलं. पण ते रोज येतं का?"

*

आता सगळे तात्यांकडे बघत होते. ते केळीच्या खांबाला टेकून उभे होते. त्यांना कधी नव्हे ते कुणाला सल्ला देता येत नव्हता.

"माझं सांगतो," कुंदन म्हणाला, आणि त्याचा आवाज आता पेढ्यांचा राहिला नव्हता. "तात्या उद्या कचेरीत गेले, तर माझी आणि चेतनची मूठ परत करा. मी माझं रोट वेगळं मांडेन."

सुषमाच्या हातातलं लाटणं खाली पडलं.

रोटाला गहू मोजतात ते घरातल्या पुरुषागणिक, प्रत्येकाच्या नावाने सव्वा मूठ. तात्यांची, रामदासकाकांची, कुंदनची, चेतनची, अशा सगळ्यांच्या मुठी एका सुपात पडतात, एकत्र दळल्या जातात, आणि ते अन्न भाऊबंदांशिवाय कुणाच्या तोंडी जात नाही. एखाद्याने रोट वेगळं मांडलं की तो भाऊबंद राहत नाही. मयतीला येतो आणि जातो, बस. पाटलांचं रोट तीन पिढ्यांत फुटलं नव्हतं. प्लेगच्या वर्षी अर्धी सुरत पळाली तेव्हासुद्धा सरलाबाईंनी डब्यात सगळ्यांच्या नावाचे गहू बाजूला काढून ठेवले होते. उज्ज्वलाच्या नावाची मूठ मात्र कधीच पडली नव्हती. पोरीची पडत नाही. म्हणजे ज्या गोष्टीची धमकी चालली होती तीत तिचा वाटा नव्हता आणि दोष मात्र सगळा तिच्याच पदरात येणार होता.

"असं अभद्र बोलू नको," सरलाबाई म्हणाल्या. "मूठ परत कशी करू? पीठ एकत्र मळलंय. तुझं कुठलं नि त्यांचं कुठलं, हे मला तरी कळतं का रे?"

"मग तात्यांना सांग घरी बसायला."

सरलाबाई उज्ज्वलाकडे वळल्या. आई आपल्या बाजूने बोलेल ही आशा तिने केली नव्हती असं नाही. जांभूळवळणाचं पाणी डोळ्यांना लावणारी बाई, तिला तरी कळेल. पण सरलाबाईंनी पिठाचे हात जोडले, पोटच्या पोरीपुढे. "उज्जू, सोड माय. नदी काय, कोठे बी वाही लेस. घर एकदा फुटलं की फुटलं. तू सांग तुझ्या बापाला. तुझं ऐकतात ते."

"माय, मी माझ्यासाठी मागते का काही?"

"म्हणूनच सांगते. तुझं काय जाणार आहे? नवरा ना पोर."

आईच्या तोंडून हे सहज निघून गेलं आणि निघाल्यावर त्याही दचकल्या. उज्ज्वलाला रडू आलं नाही. तिला फक्त एकदम थकवा आला. तिने विचार केला, सोडून द्यावं. उद्या रजा आहे, झोपून राहावं. मंगळवारी जाऊन मुकाट्याने त्या हिरव्यावर इमारतींचा पिवळा रंग भरावा, पगार घ्यावा, गप्प बसावं. "राहू द्या तात्या," ती म्हणाली. "नका जाऊ."

पण तात्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. "मना तोंडातून गयं ते," ते म्हणाले, "मनाच तोंडघाई परत लेवानं पडी. सकाय मी जासू."

"तात्या, विचार करा," कुंदन म्हणाला.

"अख्खी उमर विचार केला बाळा, आणि मान डोलावली. तुझा गाळा मी मारत नाही. त्या शेठने तुला कागद दिला असता तर मी स्वतः सही करायला आलो असतो. पण त्या काठावर माझ्या बापाची राख सोडलीय मी. तिथे भिंत घाला असं माझ्या नावाने लिहिलेलं राहिलं, तर मला सुखानं मरता येणार नाही."

कुंदन उठला. दारातल्या चपला पायात सरकवल्या. चेतनचं मनगट धरलं. सुषमा तव्यापाशी तशीच उभी होती, सासूकडे बघत, नणंदेकडे बघत. "चल," नवरा दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा तिने पदराला हात पुसले, कानबाईपुढे डोकं टेकवलं आणि निघाली. दारातला पेढ्यांचा पुडा कुंदनने उचलून नेला नाही. पोरांनी तो लगेच फोडला आणि त्यांना कुणी रागावलंसुद्धा नाही.

*

सोमवारी साडेबाराला बापलेक कचेरीच्या जिन्यापाशी पोचले. पावसाने रिक्षा मिळेना, त्यात बमरोलीच्या रस्त्याला पाणी भरलेलं. तात्यांनी कडक इस्त्रीची टोपी घातली होती. उज्ज्वला आजवर या जिन्याने हजारो वेळा चढली होती, पण आज टेबलांमधून चालताना डोकी वर उचलली गेली. ट्रेसरबेन अर्जदाराचा हात धरून आणतेय. कळायचं ते सगळ्यांना कळलं. तिला त्याचं काही वाटलं नाही.

खिडकीपाशी लीलाबेन बसत. दहा वर्षं दोघी एकाच डब्यातून जेवत आल्या होत्या. तिने उज्ज्वलाकडे पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि काही न विचारता कोरा कागद पुढे सरकवला. उज्ज्वलाने गुजरातीत चार ओळी लिहिल्या. लीलाबेनने नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून विचारलं, "काका, फेरफार सामे तमारो वांधो छे?"

"छे," तात्या म्हणाले. आणि मग त्यांच्या छातीत चाळीस वर्षं अडकलेलं काहीतरी सुटल्यासारखे ते खिडकीच्या गजांना धरून मोठ्याने म्हणाले, "छे बेन! पूरेपूरा वांधा छे! लिखो!"

मागच्या टेबलावरचे दोघे-तिघे हसले. उज्ज्वलाही हसली. कालपासून पहिल्यांदा तिला श्वास नीट घेता आला. लीलाबेनने शिक्का मारला, वेळ लिहिली, बारा चाळीस. कागद लावायला तिने फाईल उघडली आणि तिचा हात तिथेच थांबला.

"उज्ज्वला," ती दबक्या आवाजात म्हणाली, "एक ज सुधारवानो छे? के बधा?"

"बाकीचे ठीक आहेत ना. त्यांचे वांधे आहेतच."

लीलाबेनने फाईल खिडकीतून तिच्याकडे वळवली. एकोणचाळीस जवाब एकाखाली एक टाचलेले. वरचा मारुती महाजनचा. खाली अंगठे, सह्या, नावं, सगळी ओळखीची. आणि प्रत्येक कागदावर कारकुनाच्या त्याच कंटाळलेल्या अक्षरात तीच ओळ. लोटूभाईए जे कह्युं ए ज अमारुं. वांधो नथी.

उज्ज्वला एकेक पान उलटत गेली. दहाव्यानंतर तिने उलटायचं सोडलं.

"काय शे?" तात्यांनी विचारलं. त्यांना गुजराती वाचता येत नव्हतं. तिने मराठीत वाचून दाखवलं, लोटूभाऊ जे म्हणाले तेच आमचं, हरकत नाही.

तात्यांनी खिडकीचे गज पुन्हा धरले. मग म्हणाले, "मी बाहेर आलो तेव्हा मारुती दारातच होता. म्हणाला, तात्या, आत काय विचारतात? मी म्हटलं, काही घाबरू नको, साहेब भला माणूस आहे. जमिनीत वांधा आहे का विचारतो, नाही म्हणून सांग." त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "त्याने मागच्याला सांगितलं असेल."

"आत्ता त्यांना आणता येईल का?" लीलाबेनने विचारलं, जरी घड्याळ तिच्याच डोक्यावर होतं. पाऊण वाजत होता. चाळीस घरं डोक्यावर कानबाई घेऊन जांभूळवळणाच्या वाटेला लागली होती, इथून सात मैलांवर.

"एका अर्जाने काय होईल, लीला?"

लीलाबेन खोटं बोलू शकली असती. पण ती मैत्रीण होती. "साहेब लखशे, चाळीसमांथी एकने वांधो," ती म्हणाली. "बस. एटलुं ज." साहेब एवढंच लिहिणार होते, चाळिसांत एकाची हरकत. एक वाजला तेव्हा तिने त्यांच्यादेखत फाईलला दोरा बांधला.

जिना उतरताना तात्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. आधारासाठी की तिला धीर द्यायला, हे तिला कळलं नाही. "कुंदन गेला," ते म्हणाले. "नदी पण गेली. मी काय मिळवलं उज्जू?" काहीच मिळवलं नव्हतं. शब्द तिने चुकवला होता आणि घर त्यांनी मोडलं होतं, आणि दोन्ही करून हातात एक शिक्का मारलेली पोच होती.

*

ते नदीवर पोचले तेव्हा डफ टिपेला पोचले होते. पाऊस थांबला होता. गढूळ तापी वळणावर पार जांभळीच्या मुळांपर्यंत चढली होती आणि पलीकडचा काठ धुक्यात दिसत नव्हता. बायका फुगड्या घालत होत्या, गात होत्या. एवढं सुंदर ते वळण उज्ज्वलाला कधी दिसलं नव्हतं आणि तिला ते बघवेना. झाडांच्या रांगेत चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या, भिंतीच्या मापाच्या. पोरं त्या रेघांवरून लंगडी घालत होती.

सरलाबाई पाण्याच्या कडेला चौरंग घेऊन खोळंबल्या होत्या. कुंदनची माणसं आलेली नव्हती. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तात्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून. सरलाबाईंनी ओठ घट्ट मिटले आणि एकट्याच पाण्यात उतरल्या. रामदासकाका कोरड्यावरच राहिले.

तेवढ्यात मारुती महाजन धावत आला. ओला, गुलालाने माखलेला, पन्नाशीचा तगडा गडी. त्याने वाकून तात्यांच्या पायाला हात लावला. त्याच्या मागून सात-आठ जण आले, मग आणखी. तात्यांच्या भोवती रिंगण झालं.

"तात्या, तुम्हनी वाट पाही ऱ्हायनतूत," मारुती म्हणाला. "शुक्रवारपासून भेटच नाही. तुम्ही जे सांगं ना, तेच आम्ही सगळ्यांनी सांगं. एक शब्द इकडचा तिकडे होऊ दिला नाही. त्या आमच्या म्हातारीला ऐकू येत नाही, तिला दहादा घोकून घेतलं, वांधा नाही, वांधा नाही. साहेब इतका खूश झाला की सगळ्यांना चहा पाजला." त्याने हात पसरून झाडं, उतार, पाणी, सगळं दाखवलं. "आते ही जागा पक्की ना तात्या? कोणी हात लावू शकत नाही ना?"

सगळे तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. डफ जरा थांबले. उज्ज्वलाने मुठीतली पोच चुरगाळली.

"पक्की," तात्या म्हणाले. "बरं करं रे भो."

मारुतीने आनंदाने टाळी वाजवली आणि उज्ज्वलाकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही तर कचेरीतल्या. पक्की ना?"

तिने मान हलवली, हो म्हणून. डफ पुन्हा सुरू झाले.